नानामामांचं सतरावं मृत्युपत्र

आमच्या नानामामांनी लग्न एकदाही केलं नाही आणि मृत्युपत्रं सतरा केली. माणसं रागावली की अबोला धरतात, फार तर ताट आपटतात. मामा कागद काढायचे.

सिंचाई विभागातून रिटायर झालेला माणूस. इस्टेट म्हणजे राजेंद्र नगरातलं दोन खोल्यांचं घर आणि मागचं लिंबाचं झाड. पण रुबाब असा, की अर्धं इंदूर वाटायचं बाकी आहे. सकाळी सातला फोन यायचा, "नाव काटलं तुझं." बस. कशासाठी, ते आपण शोधायचं. मी वाढदिवसाला घरी न जाता मोबाइलवर शुभेच्छा पाठवल्या, काटलं. माझा धाकटा भाऊ पुण्याहून आला आणि पोह्यांवरची शेव बाजूला काढू लागला, काटलं. वर भुरभुरलेल्या जिरावण मसाल्याला "ही कसली पावडर?" म्हणाला, तेव्हा त्याच्या मुलांसकट काटलं.

कुसुममावशी, म्हणजे मामांची सख्खी बहीण, तर कायमची काटलेली. आजीच्या श्राद्धाला ती म्हणाली होती, खिरीत साखर कमी आहे. खीर मामांनी केली होती. त्यानंतर अकरा वर्षं दोघं बोलले नाहीत. मावशी विधवा, हातोदला भाड्याच्या खोलीत राहते, आणि घरमालक खोली सोडा म्हणून मागे लागलेला. तरी प्रत्येक मृत्युपत्रात वेगळी ओळ असायचीच: कुसुमला काही नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यासाठी मामा रविवारी पोहे-जलेबीला बोलवायचे. आधी सही, मग बशी, कागदाला तेलकट बोटं नकोत. माझंच नाव काटलेल्या कागदावर मी साक्षीदार म्हणून सही केली आहे, आणि वर दोनदा जलेबी मागून घेतली आहे. आमच्या घराण्यात स्वाभिमान असा खाऊनपिऊन सुखी आहे.

मामा गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भाऊ कागद शोधायला बसलो. दुःख होतंच, पण घरही होतं. एक मृत्युपत्र तांदळाच्या डब्यात, एक गणपतीच्या फोटोमागे, दोन गॅसच्या पुस्तकात. ओळखीचे वकील आले होते. म्हणाले, "भिया, जो आखरी, वोही चलेगी. तारीख देखो." सोळा कागद जमिनीवर तारखेनं लावले. सोळावं माझ्या नावे निघालं. भावानं मला मिठी मारली, जरा जोरातच.

मग उशीच्या खोळीत सतरावं सापडलं. त्यात लिहिलं होतं: घर कुसुमला द्यावं. तिला आता म्हातारपणी खोल्या बदलायला लावू नये. खिरीत साखर कमीच होती.

वकिलांनी कागद उलटसुलट पाहिला. "एकच गवाह आहे, दूधवाला. दुसरी सही नाही. ये नहीं चलेगी. सोळावी चालेल. बधाई हो."

दुसऱ्या साक्षीदाराची जागा कोरी होती. तिच्याखाली मामांच्या अक्षरात पेन्सिलीनं माझं नाव लिहिलेलं. तारीख मला आठवली. त्या रविवारी मामांचा फोन आला होता, "येतोस का? पोहे केलेत." कागदाचं काही बोलले नाहीत. मी म्हणालो, "मामा, आज काम आहे, पुढच्या रविवारी नक्की." काम म्हणजे मी टीव्हीवर मॅच बघत होतो. मामांनी शेजारच्या कुणालाही बोलावलं नाही. माझ्यासाठी थांबले. पुढच्या रविवारी ते हॉस्पिटलात होते, आणि तिथून परत आले नाहीत. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती.

मी हातोदला गेलो. मावशीला कागद वाचून दाखवला, कोरी जागाही दाखवली, ती का कोरी राहिली तेही सांगितलं. म्हणालो, "घर कायद्यानं माझं झालंय, पण तुझ्या नावे करून देतो. वकिलांना सांगून आलोय."

मावशी कागदावरून हात फिरवत बसली होती. घराचं तिनं ऐकलंच नसावं.

"एका सहीसाठी अडला होता, तर मला बोलवायचं."

"मावशी, ज्याला घर द्यायचं त्याचीच सही साक्षीला घेत नाहीत."

"घर गेलं चुलीत," ती म्हणाली. "मी आले असते."