पगाराच्या कपाळावरचं कुंकू

विश्वजित आवटीचा पगार दर एक तारखेला आपल्या पायांनी घरी यायचा, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. पण दिवाळीपासून तो कपाळाला कुंकू लावून येऊ लागला, तेव्हा विश्वजितच्या बायकोच्या, केतकीच्या मनात पाल चुकचुकली.

सांगलीत पगार असेच येतात. कुणाचा वडापच्या जीपने येतो, कुणाचा बसने. साहेबांचे पगार म्हणे बूट न काढताच आत शिरतात. साध्या घरातला पगार मात्र दारात पाय धुतो, तांब्याभर पाणी पितो आणि कोचावर बसतो. मग नवरा-बायकोने समोर बसून त्याला कामं सांगायची: एवढं घरभाड्याला, एवढं किराण्याला, एवढं गॅसला. तो मान डोलावतो आणि दिवसागणिक अंगाने उतरत जातो. महिना सरत आला की एके सकाळी कोचावर नुसता खळगा उरतो. बायका तो खळगा हाताने सारखा करतात आणि चहा टाकतात.

आवटींच्या घरी पगार दोन. केतकी एका लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायची. तिचा पगार दुपारी यायचा, आणि पहिली पाळी करून आलेला विश्वजित त्याला दार उघडायचा. हा पगार मुलखाचा लाजरा. केस कपाळावर ओढून बसायचा आणि खिशातले बेदाणे एकेक करून चघळायचा. केतकीला वाटायचं, असते एकेकाला गोडाची आवड. विश्वजितचा पगार कुपवाडच्या कारखान्यातून संध्याकाळी यायचा. त्या वेळी विश्वजित भाजी आणायला गेलेला असे, म्हणून दार केतकीच उघडायची.

दिवाळीनंतर तिने दार उघडलं आणि दचकली. तशी ती कुकरच्या शिट्टीलाही दचके. पण या वेळी कारण होतं. पगाराच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होतं, त्यावर अक्षता होत्या आणि त्याच्या अंगाला तुपाच्या वातीचा वास येत होता.

"वाटेत कुठे थांबला होता?" तिने विचारलं.

"वाट म्हटली की थांबणं आलंच, वहिनी."

"आणि कपाळाला काय लागलंय?"

"ऊन लागलंय."

"उन्हाला अक्षता चिकटतात?"

पगाराने पाणी मागितलं. पाणी पिताना त्याची कॉलर मानेभोवती सैल पडलेली तिने पाहिली. म्हणजे कुणीतरी बाई त्याला पाटावर बसवून ओवाळत होती आणि तो तिच्या ताटात काहीतरी टाकून येत होता.

पुरुषाला कोण ओवाळतं? आई, बहीण, बायको. विश्वजितला बहीण नव्हती. त्याची आई तासगावला, तिने तर लग्नाचा मांडव उतरायच्या आत सांगितलं होतं, "वेगळं राहायचंय ना? मग तुझा रुपयासुद्धा मला नको." राहिली बायको. बायको तर इथे दारात उभी होती. मग तिथे कोण होती?

"तुझा पगार रोडावलाय," ती एकदा जेवताना म्हणाली.

"महागाईने सगळेच रोडावलेत," विश्वजित ताटातून मान वर न काढता म्हणाला. "तुझा कुठे फार पहिलवान राहिलाय?"

हे त्याने कसं ओळखलं? हा आपल्याही पगाराचे खिसे चाचपतो की काय, असा तिला आणखी एक संशय आला. मग तिने बोलूनच टाकलं. यापुढे पगार वेगळे. त्याचा बाहेरच्या खोलीत, तिचा आतल्या. भाडं निम्मं, गॅस निम्मा, आणि कोण कुणाला काय सांगतो ते दुसऱ्याने विचारायचं नाही.

विश्वजित पाणी प्यायला. "एक तारखेला चौघं मिळून बसू," तो म्हणाला. "मग तू म्हणशील तसं."

एक तारखेला केतकीने अर्धा दिवस रजा टाकली आणि कुपवाडच्या फाट्यावर रसवंतीच्या आडोशाला उभी राहिली. तोंडाला ओढणी गुंडाळली होती. रसवाल्याचं घुंगरू वाजलं की ती दचकून आणखी आत सरके. अखेर पगार आला. अंगाने भरलेला, इस्त्रीचा शर्ट, कपाळ कोरं. तो वडापमध्ये बसला. ती पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसली.

"आज एक तारीख का?" ड्रायव्हरने आरशातून विचारलं.

"हो. नेहमीच्याच ठिकाणी सोडा," पगार म्हणाला.

नेहमीचं ठिकाण! केतकीने ओढणीचं टोक दातात धरलं.

पगार गावभागात उतरला. ती गल्ली, ते वळण, ती पाण्याची टाकी तिच्या पायांना पाठ होती. तरी तो तिच्या आईच्या दारासमोर थांबेपर्यंत तिने त्या कशालाच ओळख दिली नाही.

वडील गेल्यापासून आई एकटीच राहायची. लेकीच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा तिचा बाणा. लग्नानंतर केतकीने आपला पगार मुद्दाम आधी तिच्याकडे धाडला होता. आईने त्याला उंबऱ्यावरूनच परत फिरवलं होतं. "तू माझ्या लेकीचा. आत आलास तर मला पाप लागेल." पुढे दिवाळीनंतर आईचा बंद पडलेला फ्रिज गार करू लागला, तेव्हा आई म्हणाली होती, "थंडी पडली ना, आपोआप चालू झाला." केतकीने विश्वास ठेवला होता. तिला फ्रिजवर संशय घ्यायचं सुचलंच नव्हतं.

तिने खिडकीच्या फटीला डोळा लावला. पगार पाटावर बसला होता. आईने त्याला कुंकू लावलं, अक्षता लावल्या, दिवा ओवाळला. पगाराने कमरेला हात घालून ताटात काहीतरी ठेवलं आणि त्याचं पोट शर्टाच्या आत गेलं.

"अहो जावईबापू, हे कशाला? लेकीकडचं मी घेत नाही."

"लेकीकडचं कुठे? मी जावयाकडचा. आणि ही ओवाळणी आहे. ताट रिकामं ठेवून पाटावरून कसं उठायचं?"

आईने जरा विचार केला. "ओवाळणी नाकारता येत नाही, हे खरं," ती म्हणाली. "केतूला मात्र सांगू नका. भित्री आहे. उगाच नाही-नाही ते डोक्यात घेऊन बसेल."

केतकी रिक्षा करून घरी आली. आत विश्वजित कांदा चिरत होता. आज बसायचं म्हणून त्याने भाजी कालच आणली होती. तिचा पगार कोचावर अवघडून बसला होता.

दार वाजलं. तिने धावत जाऊन उघडलं. विश्वजितचा पगार दारात उभा होता. कपाळावर कुंकू ओलंच होतं. पाठच्या बाजूला विळीचा आवाज थांबला.

विश्वजितला कळलं तर तो काय म्हणेल? सासूच्या ताटात आपला पगार? आणि आईला कळलं की लेकीला कळलंय, तर आई पाटच उचलून ठेवेल. केतकीने ओढणीचं टोक जिभेला लावलं आणि पगाराचं कपाळ खसाखसा पुसायला लागली.

"हळू, वहिनी," पगार कुजबुजला.

"राहू दे गं," मागून विश्वजित म्हणाला.

ती एवढी दचकली की पगाराचं नाकही लाल झालं.

"ओल्या फडक्याने निघत नाही," तो म्हणाला. "आधी खोबरेल लावावं लागतं. तुझ्याचं मी दर महिन्याला पुसतो."

केतकीने हळूच मान वळवली. कोचावर तिच्या पगाराने केस आणखी पुढे ओढले. केसांखालचं कपाळ तेलाने चमकत होतं. त्याने खिशातून एक बेदाणा काढला आणि तोंडात टाकावा की नाही अशा पेचात हातातच धरला.

"हे बेदाणे," ती सावकाश म्हणाली, "तासगावचे आहेत?"

"दाजी," तिचा पगार विश्वजितकडे बघून म्हणाला, "मी काही बोललो नाही हं."

विश्वजितने देवळीतली खोबरेलाची बाटली तिच्या हातात दिली. तिने पगाराला उंबऱ्याच्या आत घेतलं, कपाळाला तेल लावलं आणि नीट, दमाने पुसलं. मग चौघं बसली.

"तर," विश्वजित म्हणाला, "वेगळे ठेवायचे म्हणत होतीस."

केतकीने दोघा पगारांकडे पाहिलं. दोघांच्याही कॉलरी सैल, दोघांचीही कपाळं चकचकीत, दोघांचेही डोळे जमिनीला.

"सरका जरा," ती आपल्या पगाराला म्हणाली. "यांना जागा करा. एवढं घरभाड्याला. एवढं किराण्याला." मग विश्वजितकडे बघून, "आणि खोबरेल संपत आलंय. या महिन्यात मोठी बाटली आणू."