वेंधळेपणाचं प्रमाण

बारा कपांच्या नव्या संचातला चौथा कप फुटला, तेव्हा संख्याशास्त्राचे प्राध्यापक थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होते. खळ्ळकन आवाज आला तसे ते म्हणाले, “काही नाही गं ताई, आमची वेंधळी! महिन्याभरात चार फुटले, त्यातले तीन हिचे.”

फोन ठेवेपर्यंत बायको ओल्या हातांनीच समोर उभी होती.

“वेंधळी? आणि तेही ताईंना सांगितलंत?”

“मी फक्त आकडे सांगितले. तीन तुझे, एक माझा.”

“आणि विसळतं कोण? मी रोज, तुम्ही फक्त रविवारी! ज्या शाळेची मुलं परीक्षेला जास्त बसतात, तिथली नापासही जास्त होणारच. हे मला फुकटात कळतं, तुम्हाला तर त्याचा पगार मिळतो!”

“बरोबर बोलतेय ती,” सोफ्यावरून तिच्या सासूबाई म्हणाल्या. “नीट मांड रे हिशेब.”

प्राध्यापकांनी नाइलाजाने मांडला. बायकोने विसळलेले कप सुमारे तीनशे, फुटले तीन. त्यांनी विसळलेले चाळीस, फुटला एक. तिचं प्रमाण शेकडा एक, त्यांचं अडीच.

“आता बोला, वेंधळं कोण?”

“असं लगेच नाही ठरत. एवढा फरक योगायोगानेही पडतो. माझा नमुना फार लहान आहे.”

“वा रे वा! माझे तीन म्हणजे वेंधळेपणा आणि तुमचा एक म्हणजे योगायोग? लावा ताईंना फोन. शब्द मागे घ्या!”

“सिद्ध झाल्याशिवाय कसा घेऊ?”

“बोलताना कुठे सिद्ध झालं होतं?” तिचा आवाज चढला. मग एकाएकी उतरला. “बरं, नमुना मोठा कसा करतात?”

“आणखी कप विसळायचे,” प्राध्यापक वर्गातल्या सवयीने बोलून गेले.

बायकोने शांतपणे स्वतःचा ॲप्रन सोडला आणि त्यांच्या गळ्यात अडकवला.

पंधरवड्यात त्यांच्या हातून आणखी दोन कप गेले. बोटं पांढरीफटक पडली, सुरकुतली. शेवटी एका संध्याकाळी हात पुसत ते फोनपाशी आले. “ताईला सांगून टाकतो. वेंधळा मीच.”

“छे, छे,” वर्तमानपत्रातून मान वर न काढता बायको म्हणाली. “एवढ्या लहान नमुन्यावरून मी कुणाला नावं ठेवत नाही. सिंकमध्ये अजून चार आहेत.”