सासूबाई, क्रौंच आणि उघडं बॉनेट

पांढऱ्या क्रौंचांचा माग काढावा तर नेस्टर बोयचुकनंच! हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. बरं, मीच म्हणतो, पण खोटं नाही. गेली बारा वर्षं वसंतात हे पक्षी टेक्सासच्या किनाऱ्यावरून उठले, की माझ्या स्वयंपाकघरातला फोन वाजायला लागतो. कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा, वाटेवर सगळीकडे माझी माणसं पेरलेली! फ्रिजवर नकाशा, नकाशावर टाचण्या. जगात हे पक्षी उरलेत काही शे, आणि त्यातले बरेचसे आमच्या कॅनडातल्या सस्कॅचवानवरूनच उत्तरेला जातात. अडचण एकच. बारा वर्षांत मी एकदाही वेळेवर पोचलो नव्हतो.

"तुमच्या टाचण्यांना घाबरून पळत असतील ते, जावईबापू!" इति माझ्या सासूबाई, पारास्का. वय एकोणनव्वद, जिभेचं वय एकोणीस.

यंदा मात्र थट्टेचा मामला नव्हता. आठ वर्षांच्या असताना सासूबाईंनी इथल्याच एका तळ्यावर हे पक्षी पाहिले होते. तेव्हा अख्ख्या जगात वीस-बावीसच उरलेले! शाळेत सांगितलं, तर बाईंनी खोटारडी म्हणून कोपऱ्यात उभं केलं. ऐंशी वर्षं सासूबाई त्यावरून गावाशी भांडत आल्या. आणि या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले, पुढच्या वर्षीच्या वसंतापर्यंत नजर टिकेलच असं नाही. त्या संध्याकाळी बोर्श्च, म्हणजे आमचं बिटाचं सूप, पिता पिता त्या हळूच म्हणाल्या, "हंसच असतील हो ते. लहान पोरीची नजर ती."

सासूबाई आणि माघार? "आई, मी दाखवतो तुम्हाला. शब्द देतो!" असं बोलून बसलो.

आणि मे महिन्यातल्या एका सकाळी देव पावला! खडीच्या रस्त्यालगतच्या पाणथळीत ते उभे होते. दोन मोठे, एक तपकिरी डागांचं पिल्लू. मी गाडी पक्ष्यांकडे तोंड करून लावली, इंजिन बंद केलं. सासूबाई शेजारच्या सीटवर. गाडीला हे पक्षी बुजत नाहीत, माणूस उतरला की मात्र संपलं. घड्याळात नऊ वाजले होते. ऊन तापून हवा वर चढायला लागली, की तिच्यावर तरंगत ते निघणार. म्हणजे हातात पाऊण तास.

"दिसतायत का आई?"

"पांढऱ्या गोण्या दिसतायत."

"दुर्बीण उलटी धरलीत!"

मी दुर्बीण सुलटी करतोय, तेवढ्यात मागे एक गाडी थांबली. आमच्याकडच्या लोकांना एक खोड आहे. कडेला गाडी उभी दिसली, की मदत केल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. नको म्हटलं, तर जास्तच करतात.

"काय रे नेस्टर, बंद पडली?" आमच्या गावातला मेट्रो हावरिलुक. याला क्रौंचांचं सांगितलं असतं, तर कॉफीच्या वेळेपर्यंत सगळी पंचक्रोशी इथे हजर झाली असती.

"हो, जरा... बंद पडली," मी म्हणालो.

गाढव मी! मेट्रोनं खाडकन बॉनेट उघडलं. काचेसमोर पत्र्याची भिंत! क्रौंच गुल!

"आता तर गोण्यापण गेल्या," सासूबाई म्हणाल्या.

"मेट्रो, बॉनेट खाली घे रे!"

"थांब, बॅटरीच काढून बघतो."

तेवढ्यात पोस्टातली स्लावका थांबली. घोंगडीत गुंडाळलेल्या, रागानं लाल झालेल्या सासूबाई तिनं पाहिल्या. "अगं बाई! मावशींना काय झालं?"

"मला काही झालेलं नाही! मला बघू द्या!"

"बघू द्या म्हणतात! डोळ्यांपुढे अंधारी आली वाटतं!" आणि हिनं फोन लावलासुद्धा.

वीस मिनिटांत बंब आला. आमच्याकडे आग असो, हार्ट अटॅक असो, बंबच येतो. मागोमाग सात गाड्या, टो करायच्या साखळ्या, बटाट्याच्या पिरोह्यांचा, म्हणजे उकडलेल्या करंज्यांचा डबा. सगळे हळहळत माझ्या इंजिनात डोकावत होते. पाणथळीकडे एकाची मान वळेल तर शपथ! सासूबाईंना चौघांनी उचलून स्ट्रेचरवर आडवं केलं, वर पट्टे आवळले. त्या युक्रेनी भाषेत जे बोलल्या, ते इथे छापता येणार नाही.

"नट पडला खाली," मेट्रो म्हणाला. "नेस्टर, तू बारीक आहेस, शीर बघू!"

बंद पडल्याचं मीच म्हटलेलं. शिरलो गाडीखाली.

आणि तेव्हा तो आवाज आला. तुतारीसारखा, खणखणीत, पोटातून जाणारा. आधी एक, मग दुसरा, मग दोन्ही मिळून. बंबाला ते भ्याले नव्हते. आमची त्यांना फिकीरच नव्हती. त्यांची निघायची वेळ झाली होती, बस्स.

गाडीखालून मला फक्त बूट दिसत होते. सगळे बूट एकदम थांबले. कोणाच्या तरी हातातला पाना खडीवर पडला. मग रस्त्यावरून एक सावली सरकत आली. केवढी! दोन पंख, लांब मान, मागे ताणलेले पाय. तिच्यामागून दुसरी, मग तिसरी. त्या माझ्या नाकासमोरून गेल्या, वळल्या, पुन्हा आल्या. मी नट मुठीत धरून तसाच पडून राहिलो, आणि खरं सांगतो, डोळे भरून आले.

सरपटत बाहेर आलो, तेव्हा आभाळात उत्तरेला तीन ठिपके होते.

स्ट्रेचरवर उताण्या सासूबाई, तोंड थेट आकाशाकडे. पक्षी त्यांच्याच डोक्यावर घिरट्या घेत वर चढले होते. इतकी उत्तम जागा तिथे कुणालाच नव्हती! पट्टे सोडायला गेलेल्याला त्यांनी हातानंच थांबवलं. गाल ओले होते.

"हेच होते," त्या म्हणाल्या. "हंस नव्हते. हेच होते." मग मान वळवली. "आडवं करून दाखवायची युक्ती छान काढलीत हो जावईबापू. चाळीस वर्षांत पहिल्यांदा डोकं चालवलंत."

मी नाही म्हटलं नाही.

"तुम्ही पाहिलेत ना?"

"पाहिले की! डोक्यावर लाल, पंखांची टोकं काळी..."

त्यांनी माझ्या कपाळावरचं ग्रीस बोटानं पुसलं. "पुस्तकातलं सांगू नका. या इकडे, बसा."

मग बंबात बसून घरी पोचेपर्यंत सासूबाई सांगत होत्या आणि मी ऐकत होतो. मध्ये एकदाही बोललो नाही, हे बायकोला अजून खरं वाटत नाही.