एक जानेवारीचं आमंत्रण

जेवणाचं टेबल सहा माणसांचं होतं, पण गेली दोन वर्षं घड्याळजी आणि त्यांच्या पत्नी त्याच्या एका कोपऱ्यात अंग चोरून जेवत होते. उरलेल्या जागेत घड्याळजींचा चाळीस वर्षांपूर्वीचा घरगुती कॉम्प्युटर ठाण मांडून बसला होता. सोबत त्याचा टीव्ही, त्याचा टेपरेकॉर्डर आणि त्याला इंटरनेटला जोडणारी, साबणाच्या डबीत बसवलेली एक चिमुकली पट्टी. त्या घरात इतकं ठाण मांडून बसणारं दुसरं माणूस म्हणजे नणंदबाई. त्या आल्या की तीन आठवडे हलत नसत आणि स्वयंपाकघरातले डबे आपल्या मनाप्रमाणे लावून जात.

घड्याळजींच्या पत्नीला सगळे बाई म्हणत. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यावर दुसरं काय म्हणणार?

"रविवारी माझ्या शाळेतल्या बारा मैत्रिणी जेवायला येणार आहेत," बाई म्हणाल्या. "टेबल मोकळं हवं."

"अगं, पण हा हलवला की रुसतो."

"मग सोमवारी भंगारवाल्याला देऊ. तिथे खुशाल रुसू दे."

"भंगार? अगं, हा ईमेल पाठवतो!"

"पाठवतो ना? मग आमंत्रणं ह्याच्यावरूनच जाऊ देत. एवढं एक काम धड केलं तर राहू दे टेबलावर, मी खाली सतरंजी घालीन. नाही जमलं, तर सोमवार."

घड्याळजींना घाम फुटला. त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि टेप लावली. अकरा मिनिटं कोंडलेल्या मांजरासारखा आवाज करून तो जागा झाला आणि नेहमीप्रमाणे आज तारीख काय, असं विचारू लागला. बंद केला की तो दिवस-वार सगळं विसरे, आणि कुणी तारीख सांगितली नाही तर एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी समजून कामाला लागे. घड्याळजी रोज इमानेइतबारे तारीख भरत. आज मात्र बाई मागे उभ्या होत्या, परीक्षेच्या वर्गात उभ्या राहत तशा. गडबडीत त्यांनी नुसतंच बटण दाबलं. मग पत्त्यांच्या यादीच्या शेवटी बारा मैत्रिणी चढवल्या आणि पत्र 'सगळ्यांना' धाडून दिलं. यादीच्या सुरुवातीला कोण आहे, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत सात उत्तरं आली. प्रत्येकात साधारण एकच मजकूर: नक्की येणार, सोबत काय आणू?

"कोणाकोणाची आहेत?" बाईंनी विचारलं.

"पडद्यावर दोनच ओळी मावतात गं. नाव तिसऱ्या ओळीत गेलं."

"असू दे. किती रीतीच्या आहेत बघा एकेक! कळवा, आवडेल ते आणा म्हणावं."

रविवारी बाराच्या ठोक्याला बेल वाजली. दारात दाताचे डॉक्टर उभे होते, काखेत कॉम्प्युटर. मागे ग्रंथपालबाई, शालीत गुंडाळलेला कीबोर्ड छातीशी धरून. त्यांच्या मागे खांद्यावर टीव्ही घेतलेला लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि जिन्यात वायरी सोडवत बसलेले आणखी चौघे. यादीच्या सुरुवातीला असलेलं, घड्याळजींच्या जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचं अख्खं मंडळ आलं होतं.

"आवडेल ते आणा म्हणालात ना," डॉक्टर आनंदाने म्हणाले.

दीड वाजला तरी मैत्रिणींपैकी एकीचाही पत्ता नव्हता. बाईंनी मुख्याध्यापिकाबाईंना फोन लावला.

"कसलं आमंत्रण?" पलीकडून आवाज आला. "थांब, बघते... अगं बाई! सापडलं. सगळ्यात तळाला आहे. एकोणीसशे ऐंशी सालचं! तेव्हा तर आपली ओळखही नव्हती!"

बाईंनी फोन ठेवला. मंडळाच्या जुन्या यंत्रांना तारखेशी देणंघेणं नव्हतं, म्हणून त्यांना तेच पत्र सगळ्यात वर दिसलं होतं. घड्याळजींनी टेपरेकॉर्डरची वायर उपटायला घेतली. आयुष्यभर लोकांच्या मनगटावरच्या वेळा जुळवल्या आणि घरच्या आमंत्रणाला पंचेचाळीस वर्षं मागे नेऊन ठेवलं. त्यांना फार वाईट वाटत होतं, यंत्राचं कमी आणि बाईंचं जास्त.

"वाढू का?" बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "बारा जणींचं रांधलंय, कुणीतरी खायलाच हवं."

मंडळाने मग हात राखून खाल्लं नाही. लिफ्टवाल्याने तीनदा भात घेतला, डॉक्टरांनी गोडाची कृती लिहून घेतली, आणि ग्रंथपालबाईंनी भांडी घासली, तीही बाईंच्या पद्धतीने. जेवणानंतर डॉक्टरांच्या कॉम्प्युटरने पाढे विचारायला सुरुवात केली आणि बाईंनी त्याला हरवलं. तीनदा. चौथ्यांदा तो बंदच पडला, तेव्हा टाळ्या वाजल्या, आणि बाई चक्क हसल्या. मैत्रिणींना त्यांनी पुढच्या रविवारी बोलावलं, फोन करून.

सोमवारी सकाळी खालून भंगारवाल्याची हाक आली. घड्याळजींनी कॉम्प्युटर दोन्ही हातांनी उचलला. ठरलं ते ठरलं.

"ठेवा तो," बाई म्हणाल्या.

"अगं, पण त्याने काम धड केलं नाही."

"ठेवा म्हणते ना. तुमच्या ताई परवा फोनवर कुरकुरत होत्या, भावाकडून बोलावणंच येत नाही म्हणून. आजच त्यांना रीतसर आमंत्रण पाठवा. ह्याच्यावरूनच."

घड्याळजींचा चेहरा उजळला. त्यांनी टेप लावली, अकरा मिनिटं वाट पाहिली आणि चष्मा सावरून कॅलेंडरकडे नजर टाकली.

"आज तारीख किती गं?"

"तारखेला हात लावू नका," बाई म्हणाल्या आणि डबे पुसायला लागल्या.