केसाळकरांची पार्किंगमधली पाळत

एका जंगलात रस्ते अजून व्हायचे होते, पण पार्किंगची भांडणं सुरू झाली होती. तिथे केसाळकर नावाचे एक अस्वल गृहस्थ राहत. त्यांनी नवी गाडी घेतली. लाल.

मुलांनो, गाडी घेतल्यावर प्राण्याला सगळ्यात आधी काय होतं? आनंद? छे! संशय येऊ लागतो.

समोरच्या झाडावर माकडं राहायची. "ही ओरखडे काढणार," केसाळकर बायकोला म्हणाले.

मंदाकिनीबाईंचे दिवस भरत आले होते. "अहो, त्यांनी अजून काहीच केलेलं नाही."

"म्हणूनच तर! टपून बसलीत."

मग त्यांनी काटे मिस्त्रींना बोलावलं. हे साळिंदर वायरिंगमध्ये तरबेज होतं. "गाडीत कॅमेरा बसवा. गाडी उभी असतानाही तो चालू हवा," केसाळकर म्हणाले.

"राहील की. पण तो बॅटरी पीत बसतो. बॅटरी फार उतरायच्या आत कॅमेरा आपोआप बंद करणारी एक डबी मिळते. ती बसवू. नाहीतर गाडी सुरूच व्हायची नाही."

"आणि कॅमेरा बंद असताना नेमकं माकड आलं तर?"

"तर माकड येईल."

"डबी नको!"

मिस्त्रींनी सुस्कारा सोडला आणि वायर थेट बॅटरीला जोडली.

धूळ बसेल म्हणून केसाळकरांनी चार दिवस गाडी हलवलीच नाही. घरात बसून ते मोबाइलवर गाडी बघत राहिले. एक पान पडलं. एक सरडा गेला. पान उडालं. माकड काही आलं नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मंदाकिनीबाईंना कळा सुरू झाल्या. दवाखाना टेकडीखाली. केसाळकरांनी त्यांना गाडीत बसवलं, किल्ली फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक. मग तेही नाही.

"अगं, जरा थांबता येईल का?"

"हे मला विचारताय की बाळाला?"

केसाळकर गाडीबाहेर येऊन ओरडले, "धक्का मारा हो कुणीतरी!"

धपाधप चाळीस माकडं खाली उतरली. त्यांचा म्होरक्या शेपटे म्हणाला, "काका, आत बसा. क्लच दाबा, सेकंड टाका. मी सांगितलं की क्लच सोडा. काकू, घट्ट धरून बसा."

उतारावर गाडी पळाली. "सोडा!" शेपटे ओरडला. गाडीने गचका खाल्ला, ढेकर दिली आणि सुरू झाली. माकडं टपावर चढली. काकूंना एकटं सोडायचं कसं?

दवाखान्यात हत्तीण डॉक्टर होत्या. तासाभरात मुलगी झाली. केसाळकर शेपटेच्या गळ्यात पडून रडले. ते बघून सगळीच माकडं रडू लागली.

"बाळाचे काका तेवढे आत थांबा," डॉक्टर म्हणाल्या. "बाकीचे बाहेर."

कुणीच बाहेर गेलं नाही.

तात्पर्य : बॅटरी वाचवणारी डबी कधीही बसवू नये. गाडी वेळेवर सुरू होते आणि शेजाऱ्यांची ओळख व्हायची राहून जाते.