चाळीस पावलांच्या मैदानाची बखर

श्री. गोल चेंडूस नमन, तो ज्या मातीत लोळतो त्या मातीस नमन, आणि मातीवर ओढिलेल्या पांढऱ्या रेषेस तर साष्टांग. शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सर, आश्विन शुद्ध दशमीपासोन जे वर्तले ते पाहिले तैसे लिहिले आहे. कोणे एके देशी एक तालीम होती आणि तिचे राज्य फुटबॉलावर नांदत होते. राज्य म्हणावे तर देवळामागील एक मैदान, बांबूचे दोन गोल, अठरा शिपाई, आणि सारी पेठ रयत. मूळपुरुषांनी राज्य स्थापिले तेव्हा कोपऱ्यातील शिलेपासोन चाळीस पावले लांब आणि तीस पावले रुंद ऐसी सीमा नेमून दिली आणि आज्ञा केली की, हिच्या आत पाचांशी पाच खेळवून फौज तयार करावी. मग दरसाल दसऱ्यास चेंडूची पूजा व्हावी, सोने वाटावे, पावलदारांनी शिलेपासोन पावले टाकावी, आणि मागून फक्कीचे घमेले घेऊन एकाने रेषा ओढावी, ऐसा शिरस्ता पडिला. पावलदारीचा मान खंडूआबा नेजदार यांजकडे बावीस वर्षे होता. आबा तरुणपणी बचावास उभे राहत, तेव्हा त्यांस ओलांडोन चेंडू गेला तर माणूस जात नसे आणि माणूस गेला तर चेंडू जात नसे. राज्यात त्यांचा शब्द खाली पडत नसे.

ऐशा राज्यावर लागोपाठ तीन साल अपयश आले. शहरातील थोरल्या मैदानी करंडकाचा अंतिम सामना नदीपलीकडील तालमीशी पडे आणि तीनही साली एकच तऱ्हा जाहली. पहिल्या डावात आमचे शिपाई गर्दीत चेंडू ऐसा खेळवीत की पलीकडचे लोक आपल्याच पायात पाय घालून पडत, आणि मग दुसऱ्या डावात पलीकडच्यांनी चेंडू लांब मारिला म्हणजे आमचे लोक कमरेवर हात ठेवून त्याजकडे पाहत, पाहुणा निघाला असता दारातून पाहतात तैसे. तिसऱ्या पराभवी सरनोबत रायाजी इंगवले, जे फौजेस शिकवीत, त्यांनी भर मैदानात वहाणा काढिल्या आणि शपथ वाहिली की, "करंडक तालमीत येईस्तोवर पायात वहाण घालणार नाही." लोकांनी चेष्टा केली की सरनोबतांचे एका जोडाचे पैसे वाचले. रायाजींचे बोलणे मुळात थोडे, आणि ठरविले ते ठरविले. पुढे दसरा जाहला, आबांनी पावले टाकिली, रेषा पडिली. संवत्सर विजय म्हणून पेठेत पेढे वाटिले. नावाने विजय मिळता तर पंचांगवाल्याने आजवर सारे करंडक घरी नेले असते.

कार्तिक मासी एके सकाळी सरनोबत अनवाणी मैदानाबाहेरील गवतात चेंडू शोधीत होते, तो पायास कठीण पापुद्रा लागला. पुढे एक पाऊल टाकिले, आणखी एक लागला. मग विळा आणवून गवत कापिले तो खाली जुन्या चुन्याची रेषा, तिजपलीकडे दुसरी, तिजपलीकडे तिसरी, ऐशा एकीबाहेर एक अकरा रेषा निघाल्या. सर्वांत बाहेरील रेषा चालू रेषेपासोन सरनोबतांची बारा पावले दूर. रुंदीकडेही तीच गत. शिला जागची हलली नव्हती, दरसाल पावलेही चाळीसच पडत होती, परंतु आबांचा गुडघा अकरा वर्षांमागे गेला आणि तेव्हापासोन पाऊल आखडत आले, आणि पावलामागे सीमा आखडत आली. शत्रूने तलवार न उपसता निम्मे राज्य गेले. कोणास कळले नाही म्हणावे तर ते खोटे होईल. सदरहू लिहिणारा त्या अकराही साली आबांच्या मागून फक्कीचे घमेले घेऊन चालत होता, आणि दरसाल फक्की थोडी उरते हे त्यास दिसत होते. आबांस कोण सांगणार म्हणून गप्प राहिला. त्याची लाज आजही वाटते, म्हणोन येथे लिहिली.

मग त्याच सप्ताही आबा नातवाच्या बारशास लेकीच्या गावी आठ दिवसांकरिता गेले, आणि सरनोबतांनी लागलीच बाहेरील रेषा उजळविली, आणि तेच दहा गडी, तोच चेंडू, तितकाच वेळ, एकदा आतील सीमेत आणि एकदा बाहेरील सीमेत खेळविले. पेठेतील विश्वंभर वैद्य यांस गोलाशेजारी खुर्ची टाकोन बसविले की, दर डावानंतर प्रत्येकाची नाडी पाहावी. आतील मैदानी खेळ ऐसा दिसिला की, चेंडू दर क्षणी कोणाच्या ना कोणाच्या पायात, खांद्यास खांदा, नडगीस नडगी, वळणे बहुत, गोलावर मारा बहुत, आणि धावणे म्हणावे तर मांजर अंगणात धावते तितके. वैद्यराज बोलिले, "नाडी हंसाची, संथ. हे आत्ता जेवायला बसतील." मग बाहेरील मैदानी तेच गडी उतरले. तेथे झटापट कमी, चेंडू पायी क्वचित येई, परंतु त्याजपर्यंत पोचण्यास दूर धावावे लागे, आणि गेला गडी परत येईस्तोवर श्वास पुरेना. घटकेत चौघे गवतात आडवे जाहले. पिराजी म्हणोन लांब पायांचा आघाडीचा गडी होता, तो पडल्या पडल्या बोलिला, "सरनोबत, ह्ये मैदान हाय का तालुका?" वैद्यराजांनी त्याचा हात धरिला आणि सांगितले, "नाडीची बेडूकउडी झाली. रायाजी, तुझ्या पोरांचे पाय शहाणे आहेत, छाती अडाणी आहे." रायाजींस तीन साल जे कोडे पडले होते ते तेथे सुटले.

बातमी कानी गेली आणि चौथे दिवशीच आबा परत आले. घरी न जाता, काखेत पिशवी तशीच, थेट मैदानी आले, आणि आपल्या रेषेबाहेर पांढरी रेषा पाहोन उभे राहिले. खेळ थांबला. आबा बोलिले, "माज्या रेघेभाईर रेघ कुणी मारली?" सरनोबत पुढे जाहले आणि बोलिले, "म्या मारली, आबा. पर नवी न्हाई. तुमचीच हाय, अकरा सालामागची." आबांचा चेहरा तांबडा जाहला. "चाळीस पावलं टाकली म्या दरसाल. एक बी कमी न्हाई. इचार ह्या घमेलेवाल्याला!" आणि माझ्याकडे बोट केले. सरनोबत मागे सरले नाहीत. "पावलं चाळीसच हाईत, आबा. पाऊल ल्हान झालंय. त्यात पोरांची धाव ऱ्हायली न्हाई. तीन साल आपण तितंच हरतोय." आबांनी मजकडे पाहिले आणि विचारिले, "खरं हाय का रं?" मी रडलो आणि हो म्हणालो. "अकरा साल माज्या मागनं चाललास आन् एका सबदानं बोलला न्हाईस?" इतकेच बोलिले. रागे भरते तर बरे होते.

मग आबांनी पायातील चप्पल काढिली आणि आतील रेषेपासोन बाहेर एकेक जुनी रेषा पायाने चाचपीत निघाले. तिसऱ्या रेषेवर थांबोन बोलिले, "ह्या साली तुमची काकी गेली." सातवीवर बोलिले, "हितं काठी घ्या म्हनाला डाक्टर, म्या न्हाई घेतली." शेवटल्या रेषेपाशी वाकोन गुडघा चोळू लागले. सरनोबत जवळ गेले आणि म्हणाले, "आबा, पावलदारी तुमचीच. फकस्त दोरी धरून मापू." आबा उसळले, "दोरीनं बैल बांधत्यात. घमेलं आण." आणि लंगडत शिलेपाशी गेले आणि पहिले पाऊल टाकिले. कोणी हात दिला तो झिडकारिला. सारी फौज मागे चालत मोजू लागली. चाळीस जाहले तेव्हा आतील रेषा आली, सवयीने सारे थांबले. आबा थांबले नाहीत. "चाळीसाला थांबा म्हनून कुनी सांगितलं? मोजा!" मग एकेचाळीस, बेचाळीस, करीत करीत अठ्ठावन्नावे पाऊल मूळपुरुषांच्या रेषेवर पडिले, आणि आबांचा सदरा घामाने भिजला होता, आणि घमेल्यात चिमूटभरही फक्की उरली नव्हती. तेथे उभे राहोन आज्ञा केली, "आतली रेघ पुसू नका. तीन रोज आत खेळा, पायाला शिकवा. तीन रोज भाईर खेळा, छातीला शिकवा. आन् ज्याचा दम निगंल त्यानं माज्याकडं बगायचं."

त्याप्रमाणे चार मास चालिले. गडी पळता पळता थांबू पाहत, तो रेषेवर आबा दुखरा पाय ताणोन उभे दिसत, मग थांबण्याची सोय राहत नसे. फाल्गुन मासी थोरल्या मैदानी पुनः नदीपलीकडच्यांशी गाठ पडिली. पहिल्या डावी बरोबरी. दुसऱ्या डावी पलीकडचे लोक वाट पाहू लागले की हे आता कमरेवर हात ठेवतील, आणि कोणी ठेवीना. शेवटल्या घटकेस आमच्या गोलापुढे सात जणांची गर्दी जाहली, तेथे पिराजीने आतल्या मैदानाचे शहाणपण चालवून टीचभर जागेत चेंडू तिघांतून काढिला, आणि मग पुढे सारे मैदान मोकळे पाहोन बाहेरल्या मैदानाची छाती लाविली आणि एका टोकापासोन दुसऱ्या टोकापर्यंत एकटा गेला, मागे लागलेले तिघे वाटेत राहिले, आणि गोल केला. करंडक तालमीत आला तेव्हा आबांनी स्वहस्ते सरनोबतांपुढे वहाणा ठेविल्या. सरनोबतांनी आधी आबांचे पाय धरिले, मग घातल्या.

पुढील दसऱ्यास आबांस एकसष्ट पावले लागली, आणि चाळीसास कोणीही थांबले नाही. तिसरा दसरा आबांनी पाहिला नाही. पावलदारी पिराजीस दिली. त्याचे पाय ऐसे की चौतीस पावलांत रेषा गाठावी. सारी फौज मागे उभी, मी घमेले घेऊन. पिराजीने शिलेस हात लाविला आणि लहान लहान पावले टाकीत, गुडघा दुखतो ऐसे एक पाय ओढीत निघाला. लोक मोजू लागले. एकसष्टावे पाऊल बरोबर रेषेवर पडिले.

येणेप्रमाणे मैदानाची हकीकत आहे. लहान सीमेत चेंडू कळतो, थोर सीमेत दम कळतो, दोन्ही असाव्या, आणि सीमा सरकली तर मापणारास वेळीच सांगावे. आम्ही अकरा वर्षे उशीर केला. लेखनसीमा.