निर्दोष जनुक

“बाळाचे ओठ पांढुरके दिसतायत गं,” असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा तिने खोलीतला दिवा बदलला. ती पदवीधर होती. रंगाचा संबंध प्रकाशाशी असतो, हे तिला ठाऊक होतं. नव्या दिव्याखाली ओठ आणखीच पांढरे दिसले, तेव्हा मात्र तिने बाळाला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी बाळाचं रक्त जनुक विभागाकडे पाठवलं. यथावकाश तिथल्या तज्ज्ञबाईंनी तिला बोलावून समजावलं, “पेशीत प्रथिनं बनवणारे बारीक कारखाने असतात, रायबोसोम. त्यांचा एक सुटा भाग एका जनुकावरून बनतो. बाळाच्या त्या जनुकाच्या संकेतात एक अक्षर बदललंय.”

“म्हणजे वाईट?”

“तसं म्हणता येत नाही. बदलाचं महत्त्व अनिश्चित आहे. आमची समिती ठरवेपर्यंत बाळाला आजारी म्हणता येणार नाही. आणि आजारी नसलेल्याला रक्त चढवता येत नाही.”

“पण मॅडम, बाळ पांढरंफटक पडलंय. आणून दाखवू का?”

“छे, छे. बाळ पाहिलं की मत कलुषित होतं.”

घरी वेगळीच जुंपली. “आमच्याकडे असली अक्षरं नाहीत हो,” आत्याबाई म्हणाल्या. बाळाचा मामा कसला गप्प बसतोय. “मग काय आम्ही आंदण दिलं?” शेवटी दोन्ही घरांनी आपापलं रक्त तपासायला दिलं. अक्षर निघालं आजोबांचं, आत्याबाईंच्याच वडिलांचं, आणि आजोबा तर रोज टेकडी चढून येत. त्यावरून समितीने जनुक एकमताने निर्दोष ठरवलं.

अभिनंदनाचे फोन सुरू झाले. जो तो विचारी, “जनुक कसं आहे आता?” ओठांचं बोलणं सासूबाईंनीही सोडलं, त्या शेजारणींना जनुकाचा क्रमांक तोंडपाठ म्हणून दाखवू लागल्या. या सगळ्या गलक्यात बाळ एकदाही रडलं नाही. “किती शहाणं आहे,” सगळे म्हणाले.

तिने विभागाला फोन लावला. “बाळ दूध ओढत नाहीये. रक्त कधी चढवणार?”

“जनुक निर्दोष आहे, ताई. त्यामुळे बाळाचा फिकटपणा विनाकारण ठरतो. विनाकारण फिकटपणाची तक्रार दुसरा विभाग घेतो. लाइनवर राहा.”

ती लाइनवर आहे. फोन ठेवला तर रांगेतला नंबर जातो, आणि पाळणा आतल्या खोलीत. चार्जरची वायर तिथवर पोचत नाही. म्हणून ती तुम्हालाच विनवते आहे. एवढा वेळ जनुकाची कथा ऐकलीत, तर जरा आत डोकावून या. मुलगा आहे की मुलगी, हे तुम्हीही अजून विचारलेलं नाही. पण ओळख पटेल. ओठ तेवढे बघा.